मागून बहिरा माइक

एका आकृतीवर इतका जीव लावलेला माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नव्हता. आमच्या शेजारच्या गणिताच्या मास्तरांची ती आकृती म्हणजे कार्डिऑइड. पत्त्यांतल्या बदामासारखी, फक्त खाली टोकाऐवजी गोलाई. एक रुपया टेबलावर दाबून धरायचा आणि त्याच्या कडेकडेने दुसरा न घसरता फिरवायचा. फिरत्या रुपयाच्या काठावरचा एक ठिपका जी वाट काढतो, ती ही आकृती. रेशनच्या दुकानात माझेच दोन रुपये घेऊन मास्तरांनी मला हे पटवलं, तेव्हा मागे रॉकेलची रांग शिव्या देत होती. माझ्या वडिलांच्या बाराव्याला तर त्यांनी दुधाच्या पितळी वाटीच्या काठाला दिवा टेकवला आणि दुधावर उमटलेला उजेडाचा बदाम मला दाखवू लागले. गुरुजी म्हणाले, "मास्तर, हात काढा, पिंड ठेवायचेत." मास्तर म्हणाले, "ठेवा की, उजेड तेवढा अडवू नका." मला राग आला होता, पण आकृती चोख उमटली होती, हेही खरं.

एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपास मास्तरीणबाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन केलं तर आवाज जाणार, नाही केलं तर बाई जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मास्तरांनी बाईंचा आवाज टेपवर धरून ठेवायचं ठरवलं. पण त्यांच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमाग, दिवसभर खटखट. तेव्हा त्यांनी मंडपवाल्याकडून एक नव्या तऱ्हेचा माइक मागून आणला. "समोरचं भरपूर ऐकतो, बाजूचं कमी, पाठीमागचं शून्य," ते मला म्हणाले. "कुठल्या दिशेचं किती ऐकतो ते कागदावर मांडा. आपला बदामच येतो!" खात्रीसाठी त्यांनी मला माइकभोवती प्रदक्षिणा घालत पाढे म्हणायला लावले. मग माइकची पाठ मागांकडे केली, तोंड बाईंच्या खाटेकडे, आणि स्वतः मागांच्या भिंतीशी टेपचं मशीन घेऊन बसले. मी त्यांच्या शेजारी.

बाई वळसंगच्या, फटकळ. "अवो, त्या डबड्याकडं काय बघताय? माज्याकडं बघा की!"

मास्तर मशीनवरच्या, आवाजाबरोबर हलणाऱ्या काट्यावर नजर ठेवून एकेक विचारत होते, माहेरचं, विहिरीचं, लग्नातल्या भांडणाचं. बाई उत्तरं देत होत्या, मधेच रागावत होत्या. शेवटी दमून थांबल्या. मास्तरांनी मान वर न करताच हळू विचारलं, "फार दुखतंय का गं?" इतके महिने बाईंनी हा प्रश्न उडवून लावला होता. या वेळी म्हणाल्या, "व्हय."

ऑपरेशनमधून त्या परत आल्या नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर मास्तरांनी मला बोलावून टेप लावली. मागांची खटखट जवळजवळ नव्हतीच. बाई स्वच्छ, जणू खाटेवर बसलेल्या. पण मास्तर कुठेच नव्हते. ते मागांच्या बाजूला बसले होते. माइकने मागांबरोबर त्यांनाही गाळून टाकलं होतं. बाई उत्तरं देत होत्या आणि प्रश्नांच्या जागी नुसती शांतता.

"गणित बरोबर आलं," मास्तर म्हणाले.

पुढे ते रोज टेप लावून त्या मोकळ्या जागांत आपले प्रश्न स्वतः म्हणू लागले. सगळे आठवले, शेवटचा सोडून. एकदा त्या "व्हय"पाशी त्यांनी टेप थांबवली. "तुम्ही शेजारीच होतात. काय विचारलं होतं हो मी?"

मला शब्द न् शब्द आठवत होता.

तेच म्हणाले, "त्या दिवशी चहा मी केला होता. बरा झालाय का, असं विचारलं असेन. म्हणजे जन्मात एकदा तरी हो म्हणाली की!"

"तेच विचारलंत," मी म्हणालो.

त्यांनी टेप थोडी मागे घेतली, सुरू केली आणि सरसावून बसले.

"चहा बरा झालाय का गं?"

"व्हय," बाई म्हणाल्या.