आसेगावचा रखवालदार

‘मोठ्याबाबाच्या पुस्तकातल्यावाणी खेळ चालून नाही राह्यला, म्हणून त्याईनं फासा पुठ्ठ्यामांगं टाकला, पाह्यजे तो आकडा सांगतला, अन् कंडक्टर काकाले गोळी घालून मोकये झाले.’

मोठेबाबा म्हणजे मी. हे विधान माझ्या पुतण्याने कामरगावच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, वरण वाढणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात केले. हात धुवायच्या नळापाशी एका दूरच्या नातेवाइकाने मला बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात विचारले, ‘केस झाली काय?’ तेव्हा प्रथम हे सांगितले पाहिजे की कोणीही मेलेले नाही. कंडक्टर रिसोडातच आहे आणि त्याची प्रकृती माझ्याहून बरी आहे. मेले ते त्याचे खेळातले पात्र. मात्र त्या खेळाच्या दिवसापासून पाच रविवार तो माझ्या घरी आलेला नाही, आणि चाळीस वर्षांच्या मैत्रीत असे पूर्वी कधी घडले नव्हते. पुतण्याची हकीकत खरी असेल, तर त्याने येऊ नये हेच योग्य. लबाडी करणाऱ्याच्या टेबलाशी कोणी बसू नये. ती खरी नाही, म्हणून हे लिहावे लागत आहे.

मी भूकरमापक होतो. तीस वर्षे लोकांच्या बांधांवर नकाशा घेऊन उभा राहिलो. दोन्ही बाजूंचे ऐकायचे आणि मग नकाशा काय म्हणतो ते सांगायचे, एवढेच ते काम. ज्याच्याकडे जमीन सरकली तो मला देवमाणूस म्हणे, ज्याची गेली तो शिव्या देई. मी दोन्ही सारख्याच कानांनी ऐकत असे. अशा माणसाने निवृत्तीनंतर एका पुठ्ठ्यामागे बसून फासा फिरवला, असे पुतण्याचे म्हणणे आहे. त्याचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने स्वतः किती फोन पहिल्या खेपेला नीट केले, या विषयात मी शिरत नाही.

खेळ आमच्या घरी मुलीने आणला. ती पुण्याला संगणकाच्या कंपनीत असते. पोरे ज्याला सायबरपंक म्हणतात त्यातला हा प्रकार. येणाऱ्या काळातले एक शहर असते. तिथे सरकार नावापुरते आणि राज्य कंपन्यांचे. माणसे लोखंडाचे हात आणि काचेचे डोळे बसवून घेतात, आणि ज्यांना धड काम मिळत नाही ती भाडोत्री म्हणून एका कंपनीच्या सांगण्यावरून दुसरीचे कुलूप तोडतात. टेबलाभोवती बसलेला प्रत्येक जण असा एकेक भाडोत्री होतो. एक जण मात्र शहर चालवतो: काय दिसते ते सांगतो, आणि दुकानदारापासून कुत्र्यापर्यंत उरलेल्या सगळ्यांच्या वतीने बोलतो. जिथे निकाल संशयात असेल तिथे दहा बाजूंचा फासा टाकायचा. दिवाळीत मुलीने स्वतः चालवून दाखवला आणि जाताना मला म्हणाली, ‘बाबा, आता तुम्ही चालवा. नाहीतरी नियम मोडलेला तुम्हाला खपत नाही.’ ही मी स्तुती समजलो. अजूनही समजतो.

तिने मागे ठेवलेली छापील मोहीम, म्हणजे खेळायची तयार गोष्ट, इंग्रजीत होती, अठ्ठेचाळीस पानांची. ती मी दोनशे पानी वहीत शाईने मराठीत उतरवून काढली. नकाशे ट्रेसिंगच्या कागदावर घेतले आणि त्यांना प्रमाण घातले, कारण मूळ पुस्तकात ते एका ठिकाणी चुकले होते. जिना भिंतीतून जात होता. या कामाला दीड महिना लागला. खेळणाऱ्यांनी त्या वहीचे काय केले ते आता ऐका.

खेळणारे तिघे. माझी सून, जिचे पात्र डोक्याला तार लावून संगणकांत शिरत असे. पुतण्या, ज्याच्या पात्राकडे चार बंदुका होत्या आणि पाचवीची मागणी होती. आणि कंडक्टर, ज्याच्या पात्राचा उजवा हात लोखंडाचा होता. कंडक्टर आयुष्यभर एसटीत होता. रिसोड ते वाशीम या एका फेरीत समोरच्या माणसाचे गाव, कूळ, मुलीचे लग्न आणि गुडघ्याचे दुखणे असे सगळे तो काढून घेत असे, आणि तिकिटाचे सुटे पैसे परत करताना एक स्थळही सुचवत असे. हा स्वभाव खेळाच्या आड येईल हे माझ्या लक्षात यायला हवे होते. आले नाही.

मोहीम साधी होती. औषधे बनवणाऱ्या एका कंपनीचा बत्तीस मजली मनोरा. बाविसाव्या मजल्यावर एक सीलबंद पेटी. ती काढून छतावर यायचे, तिथे उडती गाडी उभी. मागच्या फाटकावर एक रखवालदार. त्याच्याविषयी पुस्तकात दीड ओळ आहे: वय पन्नास, जवळ बंदूक, स्वभाव सावध. त्याला ओलांडायचे तीन मार्ग दिले आहेत. लढाई, लाच, किंवा संगणकातून फाटक उघडणे. चौथा मार्ग नाही.

कंडक्टरने खुर्ची पुढे ओढली. ‘मी त्याच्याजोळ जाऊन बसतो,’ तो म्हणाला. ‘राम राम घालतो. गाव कोणतं म्हणतो.’

‘पुस्तकात दिलेले नाही,’ मी म्हणालो.

‘पुस्तकात नसन. माणसाले गाव असते.’

‘तो त्याच शहरातला आहे.’

‘शयरातलं कोणी नसते बे. शयरात सारे आलेले असतात. बाप कुठचा?’

पुतण्याने बंदुकीचे नियम काढून ठेवले होते, त्याने पान मिटले. सून म्हणाली, ‘सांगा ना बाबा, काहीतरी सांगा.’ वीस मिनिटे हा एकच प्रश्न चालला. शेवटी वैतागून मी म्हणालो, ‘आसेगाव.’

एवढी चूक माझी, आणि ती मी मान्य करतो. यावर दोन हकीकती सांगितल्या जातात. पुतण्या म्हणतो, कंडक्टरची सासुरवाडी आसेगावची म्हणून मी मुद्दाम खोड काढली. सून म्हणते, मी त्याला खूश करायला तसे म्हणालो. दोन्ही चूक. आसेगावला मी एकदा सलग अकरा दिवस मोजणी केली होती, आणि वैतागाच्या क्षणी त्या अकरा दिवसांची आठवण येणे स्वाभाविक आहे.

पण एकदा गाव सांगितल्यावर शहर संपले. कंडक्टरने रखवालदाराला मेहुण्याच्या भावकीत बसवले. त्याचा बाप ओळखीचा निघाला. त्याची म्हैस निघाली. सुनेने, जिने तेवढ्या वेळात कंपनीचे कॅमेरे बंद करायचे होते, त्याला लेकरे किती ते विचारले. मी दोन म्हणालो. थोरली काय शिकते असा पुढचा प्रश्न आला, आणि भावी काळातल्या त्या मुलीला मला बारावीला बसवावे लागले.

मी म्हणालो, ‘ठीक आहे, आता मन वळवण्याचा फासा टाका.’

‘फासा कायले?’ कंडक्टर म्हणाला. ‘सोयरा निंघाला न तो.’

‘नियम आहे. मन वळवायचे तर फासा.’

‘मंग तुह्या घरी चहा प्याले मी फासा टाकून येतो काय?’

सून हसली, पुतण्या हसला. मी हसलो नाही. तरीही, आणि हे विरोधी पक्षाने नीट वाचावे, मी त्यांना आत सोडले. फासा न टाकता सोडले. पुस्तकाचाच हट्ट असता तर खेळ फाटकावरच थांबला असता. पुढच्या खेपेला फोनवर मुलगी मला म्हणाली की कधीकधी पुस्तक बाजूला ठेवायचे असते. मी ते ठेवले होते. फक्त तसे जाहीर केले नव्हते.

बाविसाव्या मजल्यावर त्यांनी पेटी काढली. पेटी उचलताच मनोऱ्यात घंटा होते आणि सर्व रखवालदारांना दिसेल त्याला गोळी घालण्याचा हुकूम जातो. हे वहीच्या एकशे एक्केचाळिसाव्या पानावर आहे आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवले. तिघे जिन्याने छतावर पोचले. गाडी उभी होती. सुनेचे पात्र पेटीसह गाडीत बसले, पुतण्याचे बसले. मोहीम फत्ते. मी वहीवर पेन ठेवले.

कंडक्टर म्हणाला, ‘मी खाली जाऊन येतो.’

‘कशाला?’

‘त्याले येतो म्हणून सांगाचं राह्यलं.’

मी त्याला तीन वेळा समजावले. रखवालदार कामावर आहे, त्याला हुकूम मिळाला आहे, घंटा अजून वाजत आहे. पुतण्याने बंदूक दाखवली आणि चला म्हणाला. सून म्हणाली, ‘काका, फोन करा ना त्याले गाडीतून.’

‘ज्याच्या दारातून आत गेलो,’ कंडक्टर म्हणाला, ‘त्याले न सांगता छपरावरून पळून जाऊ? सासुरवाडीचा माणूस आहे. उद्या गावात काय तोंड दाखवू?’

कोणत्या गावात, हे मी विचारले. पेटी गाडीतच राहू देऊन तो एकटा बत्तीस मजले उतरू लागला. जगात हा खेळ कुठे कुठे खेळला जातो मला ठाऊक नाही, पण चोरी पुरी झाल्यावर रखवालदाराचा निरोप घ्यायला कोणी परत गेला असेल असे मला वाटत नाही. ती पाने लिहिणाऱ्याला हे सुचले नाही यात त्याचा दोष नाही.

आता त्या वेळी टेबलाशी कोण होते ते लक्षात घ्यावे. बाकी दोघांची पात्रे गाडीत सुरक्षित बसली होती, म्हणजे त्यांना करायला काही उरले नव्हते. सून चहा ठेवायला आत गेली. पुतण्याला गिऱ्हाइकाचा फोन आला, तो अंगणात गेला. दुपारचे चार वाजले असतील. टेबलाशी मी आणि कंडक्टर दोघेच. जो आज पंगतीत साक्ष देतो, तो त्या वेळी अंगणात कोणाला तरी स्क्रीनचा भाव सांगत होता.

मी काय करू शकत होतो, हे मला नंतर पुष्कळांनी ऐकवले. रखवालदाराला बंदूक टाकायला लावायची होती. त्याला रडवायचे होते. तो आधीच पळून गेला असे सांगायचे होते. या सूचना करणाऱ्यांपैकी एकालाही बांधावर उभे राहून निकाल द्यावा लागलेला नाही. मी रखवालदाराच्या बाजूने विचार केला. त्याला दोन लेकरे होती, ती यांनीच दिलेली, थोरली बारावीला. हुकूम मोडला तर नोकरी जाणार. पाळला तर सोयऱ्यावर गोळी. तो काय करील हे मला सांगता येईना, आणि ज्याचा निकाल सांगता येत नाही त्यासाठीच फासा असतो. मी कंडक्टरला स्पष्ट सांगितले: सात किंवा कमी आले तर तो बंदूक खाली करील आणि त्याची नोकरी जाईल, आठ, नऊ किंवा दहा आले तर गोळी सुटेल आणि तू वाचणार नाहीस. त्याने मान हलवली.

राहता राहिला पुठ्ठा. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी पडदा केला होता, वही झाकायला. तो होता हे मी नाकारत नाही. त्या फाशाच्या आधी मी तो उचलून भिंतीला टेकवला, मित्राच्या जिवाचा निकाल आडून लावायचा नाही म्हणून. आणि फासा टाकला. जरा जोरात टाकला गेला. तो वहीवर आपटला, टेबलावरून घरंगळला आणि कंडक्टरच्या पायाशी खाली गेला. माझे गुडघे वाकत नाहीत. कंडक्टर वाकला, खालीच काही क्षण थांबला, फासा मुठीत घेऊन वर आला आणि म्हणाला, ‘नऊ.’ मग तो पायरीवरच्या चपला घालून निघाला. सून चहा घेऊन आली तेव्हा तो फाटकाबाहेर होता.

तेव्हापासून तो गप्प आहे. तो खोटे बोललेला नाही. पुतण्याची हकीकत त्याच्या कानावर गेली, ती त्याने खोडून काढली नाही, एवढेच. ती मी खोडतो. एका वाक्याचे काम आहे. तो फासा मी पाहिलाच नाही. आकडा फक्त कंडक्टरने पाहिला, आणि त्यानेच मला सांगितला.