बांधवाल्या काकांनी बुजवलेला चर

एकतीस वर्षं बांधवाल्या काकांचं काम एकच, नदीला तिच्या जागी ठेवणं. गळती दिसली की पोतं, त्यावर चिकणमाती, त्यावर टाच. सखल रानात त्यांनी तिला पाऊल टाकू दिलं नाही.

मग नदीखात्याच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, बांध फोडायचा.

"पाणी रानात पसरू दे, काका. पाणकणसांच्या गवतातून संथ फिरलं की गाळ खाली बसतो, घाण जिरते. खालच्या गावांना निदान वास न येणारं पाणी मिळेल."

"म्हणजे मी इतकी वर्षं झक मारली?"

"नाही हो! पाणथळाला राखणदार लागणारच. तुम्हीच. फक्त बांध कुठे कच्चा आहे ते दाखवा."

घरी काकूंनी निकाल आधीच देऊन टाकला होता. "हो म्हणा. या वयात दुसरं काम कोण देतंय? घरी बसून माझंच डोकं खाल."

काकांनी जागा दाखवली. पोकलेनने तिथे हातभर रुंद चर पाडला.

दुसऱ्या दिवशी काकू डबा घेऊन गेल्या, तर काका कमरेपर्यंत चिखलात आणि चर गच्च बुजलेला. पलीकडे नवी लावलेली पाणकणसं कोरडी उभी.

"अहो, काय केलंत हे!"

तेवढ्यात मॅडमची गाडी आली, मागून पोकलेन. पोकलेनवाल्याने बुजवलेल्या चरावर दोनदा बकेटचे दात मारले. "काय ठोकलंय काका! भिंत परवडली!"

काकू पुढे झाल्या. "वय झालंय हो यांचं, मॅडम. सवयीने हात गेला. चर आहे हेच विसरले."

मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला. राखणदारीचं पत्र त्यांच्या हातातच होतं. "असं होय? होतं असं. पुन्हा नाही ना विसरणार, काका?"

काकूंनी डोळे वटारले. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं.

"विसरलो नव्हतो," काका म्हणाले. "पाणी आत जाताना बघवलं नाही."

"उद्या बघवेल?"

काकांनी नदीकडे पाहिलं. "नाही बाई."

मॅडमनी पत्राची घडी घालून ते परत पर्समध्ये ठेवलं. पोकलेन पुन्हा घरघरला.

"एक शब्द!" काकू पुटपुटल्या. "एक शब्द खोटा बोलला असतात तर जीभ झडली असती का?"

काका चिखलातून वर यायला धडपडत होते. काकूंनी डबा खाली ठेवला आणि हात पुढे केला.