मावशींनी खरा धरलेला शब्द

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, घंटा वाजवायला एक मावशी होत्या. मी तिथे पाळक म्हणून रुजू झालो तेव्हा त्या चाळिशीत होत्या, आणि मी निवृत्त होईपर्यंत त्यांच्या गुडघ्यांनी माझ्याआधीच राजीनामा दिला होता. मधली सव्वीस वर्षं आम्ही एकाच इमारतीत काम केलं. मी व्यासपीठावर, त्या दाराशी. लोकांना वाटतं, चर्च पाळक चालवतो. साफ चूक. चर्च तो चालवतो, ज्याच्या कमरेला किल्ल्या असतात.

आधी त्यांचा नवरा घंटा वाजवायचा. तो गेला, त्याच्या पुढच्या रविवारी आता घंटेचं काय करायचं यावर कमिटी आत चर्चा करत बसली होती, तेवढ्यात घंटा वाजली. मावशींनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, बाह्या वर सारल्या होत्या आणि दोर धरला होता. त्यानंतर कमिटीने त्या विषयावर चर्चा करणं सोडून दिलं.

घंटेबरोबर बाकीचंही सगळं त्यांच्याकडे आलं. प्रभुभोजनाचे साठ छोटे ग्लास त्या बोटभर जाडीच्या ब्रशने एकेक करून धुवायच्या. मेजावरचं पांढरं कापड ओलसर असतानाच इस्त्री करायच्या, मधून कडेकडे. बाकांवर सांडलेलं मेण सुरीच्या बोथट बाजूने खरवडायच्या आणि ते सांडणाऱ्याचा उद्धार करायच्या. मी चिखलाच्या बुटांनी आत आलो की दारातच अडवायच्या. "साहेब, स्वर्गात जायचंय ना? मग पाय पुसून जा." मी मुकाट्याने पाय पुसायचो.

घंटेने त्यांचा डावा कान कामातून गेला होता. त्यामुळे उपदेश चालू असताना त्या शेवटच्या बाकामागे, उजवा कान माझ्याकडे करून उभ्या राहायच्या. बाकावर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर कधी बसा असं म्हटलंही नाही.

आता त्या शब्दाकडे येतो, कारण त्या शब्दामुळेच मी हे लिहायला बसलोय. तरुणपणी सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या विद्यालयात, मला ग्रीक शिकवलं. बहुतेकांना ती भाषा परीक्षा संपेपर्यंतच येते. मला मात्र तिचं वेड लागलं, आणि त्यातही एका शब्दाचं. बासिलेउस म्हणजे राजा. बासिलेइया म्हणजे राज्य, पण नकाशावर रेघा मारून दाखवता येतं ते नव्हे. राजाची सत्ता जिथे जिथे चालते ते. आणि बासिलेइऑन म्हणजे राजाचं, राजघराण्यातलं. नव्या करारातल्या एका पत्रात हा शब्द येतो आणि त्याला लागूनच याजकगण हा शब्द येतो. हे पत्र कुणाला लिहिलंय? दरबाऱ्यांना नव्हे. देशोधडीला लागलेल्या, परक्या गावात राहणाऱ्या, दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या माणसांना. त्यांना सांगितलंय की तुम्ही राजघराण्यातले याजक आहात. एकटादुकटा नाही, सगळेच.

वर्षातून एकदा मी यावर उपदेश करायचो आणि तो फार छान व्हायचा. पूर्वी राजा महालात, याजक मंदिरात आणि बाकीचे अंगणात, असं मी हात पसरून दाखवायचो. मग म्हणायचो, "आता अंगण उरलेलं नाही." इथे मी थोडा थांबायचो. किती थांबायचं, याची मी घरी आरशासमोर तालीम केलेली असायची.

एका वर्षी उपदेशानंतर मावशी ग्लास गोळा करता करता म्हणाल्या, "साहेब, ते राजघराणं म्हणालात ना, त्यात पाठीमागे उभे राहणारेसुद्धा धरलेत का?"

मी म्हटलं, "सगळे धरलेत. तुम्ही सगळ्यांच्या आधी."

त्या हसल्या. "बघा हं. नंतर म्हणाल, मावशी डोक्यावर बसल्या."

हा संवाद मला इतका आवडला की पुढे तीन-चार संमेलनांत मी तो सांगितला. लोकांनी माना डोलावल्या. आपण किती साधे, किती नम्र, असं मला वाटत राहिलं. त्या बाईने तो प्रश्न मनापासून विचारला होता आणि माझं उत्तर तिने मनापासून धरलं होतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

मावशींना एकुलती एक मुलगी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले आणि आठव्या महिन्यातच बाळ झालं. मुलगी झाली. मूठभर जीव, आजी तिला छोटी म्हणायची. चर्चच्या मागच्या गल्लीत मावशींच्या दोन खोल्या होत्या, बाळ-बाळंतीण तिथेच होती. सहाव्या दिवशी छोटीने दूध घेणं सोडलं. डॉक्टर येऊन गेले आणि आता जवळ घेऊन बसा, एवढंच म्हणाले.

त्या दुपारी सव्वातीनला शेजारीण मला बोलवायला आली. मी कमिटीच्या बैठकीत होतो. विषय होता मागच्या खोलीच्या दाराचा रंग. पांढरा हवा यावर एकमत होतं, पण कुठला पांढरा, यावर सेक्रेटरी आणि मी हट्टाला पेटलो होतो. शेजारीण म्हणाली, "मावशींनी लगेच बोलावलंय. बाळाला बाप्तिस्मा द्यायचाय, वेळ कमी आहे." मी म्हटलं, "पंधरा मिनिटांत आलोच."

मी उठू शकलो असतो. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. पण मी उठलो असतो तर सेक्रेटरीचा रंग मंजूर झाला असता. एवढंच कारण होतं, दुसरं काहीही नव्हतं. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही मान वर होत नाही.

मी गेलो तेव्हा पावणेपाच झाले होते. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. खिडकीखाली खुर्चीत मावशी बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर छोटी होती, टॉवेलात गुंडाळलेली. मेजावर ग्लास धुवायचं पांढरं भांडं होतं, त्यात पाणी.

"चार वाजून दहा मिनिटांनी गेली," मावशी म्हणाल्या. "बाप्तिस्मा मी दिला, साहेब. तीनदा पाणी घातलं. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने, तुम्ही म्हणता तसंच म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तुम्ही येईनात आणि ती थांबेना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर केलं ना मी?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. प्राण जात असेल आणि पाळक जवळ नसेल, तर कुणीही श्रद्धावंताने दिलेला बाप्तिस्मा खरा धरतात, हे मी स्वतः वर्गात शिकवलं होतं. हो, एवढाच शब्द म्हणायचा होता. पण हो म्हटलं असतं तर पाळक जवळ का नव्हता, हा पुढचा प्रश्न आला असता. मी म्हटलं, "बघू."

आजीच्या मांडीवर मेलेलं लेकरू, आणि मी म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफन झालं. त्यानंतर मी बाप्तिस्म्याचं रजिस्टर उघडलं. बाळाचं नाव, आईबापांची नावं, तारीख, हे सगळं लिहिलं. शेवटचा रकाना होता, बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. मावशींचं नाव लिहिलं तर तपासणीला वरच्या कचेरीतून विचारणा येणार. पाळक गावात असताना त्याला का बोलावलं नाही? बोलावलं होतं? मग तो कुठे होता? दाराच्या रंगावर वाद घालत होता? मी तिथे माझं नाव लिहिलं. पुढे हुद्दा लिहिला, पाळक. आणि स्वतःची समजूत घातली की मी मावशींना वाचवतोय.

गुरुवारी त्या कपाटं पुसायला आल्या. मी शेजारच्या खोलीत होतो. थोड्या वेळाने फडकं हातात घेऊनच त्या दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, छोटीच्या पुढे तुमचं नाव आहे."

"मावशी, तुमच्याच भल्यासाठी लिहिलं. उगाच चौकशा झाल्या असत्या. नोंद झाली ना, मग झालं. नाव कुणाचं का असेना."

"तुम्ही दिलेला बाप्तिस्मा तिथे लिहिलाय," त्या म्हणाल्या. "तो तर झालाच नाही. मग जो झाला, तो कुठे लिहिलाय?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना मोठेपणा नको होता, मला तो देता येतो अशी त्यांची समजूतही नव्हती. त्यांना भीती वाटत होती. नातीच्या कपाळावरचं पाणी खरं की खोटं, एवढंच त्या बाईला विचारायचं होतं, आणि ज्याला विचारायचं त्या माणसाने वहीत लेखी उत्तर देऊन ठेवलं होतं.

"दुरुस्त करतो," मी म्हटलं. "लवकरच करतो."

रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, ही सबब पहिल्या वर्षी पुरली. दुसऱ्या वर्षी तपासणी होती. तिसऱ्या वर्षी सेक्रेटरीशी माझं जमत नव्हतं, त्याच्या हातात कोलीत कशाला द्यायचं? त्यानंतर सबबींचीही गरज उरली नाही, कारण मावशींनी पुन्हा विषय काढला नाही. घंटा वेळेवर वाजत होती, ग्लास लखलखत होते, बुटांवरून मला बोलणी बसत होती. मी वेळ मारून नेली, असंच मला वाटलं.

पण पहिल्याच वर्षी तो उपदेश आला, तेव्हा मावशींनी घंटा वाजवली, दोर अडकवला आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. शेवटचं गीत सुरू झाल्यावर आत आल्या. मी "आता अंगण उरलेलं नाही" म्हणून थांबलो, तेव्हा उघड्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. त्या दिवशी जरा जास्तच थांबलो. पुढच्या वर्षापासून मी तो उपदेश करणं बंद केलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. माझ्या निवृत्तीला चार दिवस उरले होते. मावशींचे गुडघे सहा महिन्यांपूर्वीच गेले होते आणि त्या घरीच असायच्या. सोमवारी सगळी रजिस्टरं नव्या पाळकांच्या ताब्यात द्यायची होती. त्यानंतर त्या पानाला हात लावायचा मला हक्क राहणार नव्हता. माझी झोप उडाली. सेक्रेटरीला सगळं सांगितलं. तो आता म्हातारा झाला होता, वादाची हौस फिटली होती. म्हणाला, "पाळकसाहेब, जाताजाता कशाला उकरून काढता? बाईसुद्धा विसरली असेल." रजिस्टर बाहेर न्यायची परवानगी त्याने अर्थातच दिली नाही. मी ते कोटाखाली काखेत मारलं आणि भरदुपारी मागच्या गल्लीत गेलो. चोरी करायची ही माझी दुसरी वेळ, पण या वेळी निदान चोरलेलं परत करायला निघालो होतो.

मावशी त्याच खिडकीखाली बसल्या होत्या. मुलीने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. मेजावर रजिस्टर उघडून मी माझ्या नावावर रेघ मारली. समासात लिहिलं: मला बोलावणं आलं असूनही मी वेळेवर गेलो नाही, आधीची नोंद खोटी होती. खाली सही केली. मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांच्या उजव्या कानाशी वाकून. मग म्हटलं, "मावशी, तुम्ही बरोबर केलं होतंत. त्या दिवशीच सांगायला हवं होतं. मी घाबरलो."

त्यांनी समासातल्या ओळीवरून बोट फिरवलं. "छोटीला सहा दिवस मिळाले," त्या म्हणाल्या. "मला अकरा वर्षं लावलीत, साहेब."

मी रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. आता हुद्दा राहिला. हुद्द्यासाठी मी येतानाच ठरवून आलो होतो. तोच शब्द लिहायचा, ग्रीक अक्षरांत, आणि पुढे मराठीत अर्थ: राजघराण्यातील याजक. वरच्या कचेरीला काय विचारायचंय ते विचारू दे. मला वाटलं, मावशींना बरं वाटेल. मी पहिलं अक्षर काढलं.

"काय लिहिताय?"

मी सांगितलं.

त्यांनी हात पुढे करून माझं पेन धरलं. "तो नको. तो शब्द मी खरा धरला होता, साहेब. तुम्ही नव्हता धरला. आता तो तुमच्या हातचा नको मला."

"मग काय लिहू?"

"आजी लिहा."

मी ते एक अक्षर खोडलं, आणि पुढे आजी असं लिहिलं.