निंबाखालची रेंज

कुणी भुताखेताचा विषय काढला की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई आहे. जन्मभर जालन्याच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. पोरं मागून मला 'पुरावा मॅडम' म्हणायची... म्हणोत बापडी. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. पण संग्रामपूर तालुक्यात, सोनाळ्याच्या पुढं, डोंगराच्या अलीकडं एका कपाशीच्या शेतात एक माणूस मरता मरता वाचला. माझ्या इंटरनेटमुळे वाचला असं गावात सगळे म्हणतात. मी तसं म्हणत नाही, कारण त्या वेळी माझं इंटरनेट बंद पडलेलं होतं.

आधी गाडीचं सांगते. आमचे हे रिटायर झाल्यावर आम्ही शाळेची एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं घर करायला काढलं. आत ओटा झाला, पाण्याची टाकी झाली, पलंग झाला आणि हे गेले. झोपेतच गेले, काही त्रास न देता. लोक म्हणाले, विका आता ती गाडी. मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा. आणि निघाले एकटीच. पलंग दोघांच्या मापाचा आहे, मी भिंतीकडच्या कडेला झोपते. एकटं वाटतं का, असं विचारतात. वाटतं की! फार वाटतं. घरी बसूनही वाटलंच असतं, मग निदान खिडकीतून रोज वेगळं तरी दिसू दे.

मुलगी मेलबर्नला असते. रेंज नसेल तिथं मुक्काम करायचा नाही, असा तिचा हुकूम. माझा भाचा उपग्रहाच्या इंटरनेटवर काम करतो. त्यानं चाचणीसाठी आलेला एक सेट माझ्या गाडीला दिला. परवानग्या-बिरवानग्या सगळ्या त्यांच्या कंपनीनं काढल्या होत्या. ताटाएवढी चपटी पांढरी थाळी, एक वायर, एक वायफायचा डबा, बस्स. थाळी उघड्या आकाशाखाली ठेवायची, ती आपली आपण उपग्रह शोधते. मोबाइलवर तिचं एक अ‍ॅप असतं. त्यात आकाशाचा गोल नकाशा हळूहळू तयार होतो - मोकळं आकाश निळं, आणि मध्ये झाड, भिंत, डोंगर काही आलं तर तेवढा भाग लाल. एकदा नेट लागलं की साधा फोनही त्यावरून करता येतो. भाचा म्हणाला, "मावशी, मोबाइलला अजिबात रेंज नसेल अशा ठिकाणी लावून बघ."

माझं माहेर मोताळ्याचं. तिथल्या आठवडी बाजारात माझ्या भावाची गजानन नावाच्या शेतकऱ्याशी ओळख. हा गजानन सोनाळ्याचा. भावानं त्याला सांगितलं आणि त्यानं लगेच बोलावलं. "या ना ताई, आमच्या वावरात टॉवरच नाही पोचत. माणसापेक्षा माकडं जास्त भेटतीन तुमाले."

दसरा होऊन गेला होता. कपाशी माझ्या खांद्याला लागत होती, बोंडं धरली होती. शेतात गाडी लावायला जागा म्हणून नव्हती, फक्त मधोमध एक गोल तुकडा तेवढा मोकळा सोडलेला. पांदण रस्त्यावरून मला तो दिसला आणि मी खुशाल गाडी आत घातली. वाटलं, किती छान, माझ्यासाठीच ठेवलाय! परतीच्या पावसानं काळी जमीन आतून ओलीच होती. मागचं चाक असं रुतलं की निघता निघेना.

गजानन आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काऊन इथिसा लावली ताई?"

"मोकळी जागा दिसली म्हणून."

"मोकळी..." तो नुसता हसल्यासारखा झाला. "राहू द्या आता. जमीन वाळली की ट्रॅक्टरनं काढू."

थाळी मी गाडीशेजारी स्टुलावर मांडली. डोक्यावर सगळं उघडं आकाश, डोंगर लांब उत्तरेला, एक तार नाही की खांब नाही. अशी जागा म्हणजे पुस्तकातली. तरी नेट लागायचं आणि तुटायचं, लागायचं आणि तुटायचं. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपमधला नकाशा पूर्ण झाला, तो बघून मी चष्मा पुसला. जवळजवळ सगळा लाल. बरं, लाल डाग वेडावाकडाही नाही... खाली बुंधा, वर दोन्हीकडं पसरलेला घेर, मध्ये पानांतून दिसावं तसं निळं निळं. झाड होतं ते. शेंबडं पोरही सांगेल, झाड.

थाळी बिघडली असणार. मी सगळं पुसून पहिल्यापासून नकाशा काढला. पुन्हा झाड. मग थाळी उचलून कपाशीच्या ओळींत नेली, वायर पुरेल तितकी लांब. तिथं झाड नकाशाच्या एका कडेला गेलं. मी जिकडून आले त्याच कडेला! माझं डोकंच फिरलं. भाच्याला मेसेज टाकला, त्याचं उत्तर आलं - मावशी, झाडाखालून बाजूला घे ना. मनात म्हटलं, गाढवा, झाड असतं तर घेतली नसती का?

दुपारी शेतात निंदायला आलेल्या बाया जेवायला बसल्या. बघते तर सगळ्या माझ्या गाडीभोवती, त्या गोल तुकड्यात, रखरखत्या उन्हात! पलीकडं बांधावर बोरीची चांगली सावली होती, तिकडं कुणी गेलं नाही. त्यांच्यात गजाननची भावजय मंदा होती. चाळिशीची असेल, कमी बोलणारी. मी तिला मोबाइल दाखवला. म्हटलं, "मंदा, हे बघ बाई, यंत्राला इथं झाड दिसतंय."

तिनं मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"निंब होये," मंदा म्हणाली. "इथंच होता. म्या तोडला."

मग तिनं सांगितलं. बीटी बियाणं आलं तेव्हा आता फवारा लागत नाही असं जो तो सांगायचा. पुढं त्याच बोंडांत गुलाबी अळी निघाली. एका वर्षी तर सगळं शेत किडलं. तिचा नवरा देवीदास दुकानातून दोन-तीन औषधं एकत्र करून आणायचा आणि पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या कपाशीत दिवसदिवस फवारायचा. एका दुपारी तो चक्कर येते म्हणत बाहेर आला आणि निंबाखाली बसला, तो तिथंच गेला. फोन लागत नव्हता. मंदा रोडपर्यंत पळत गेली होती, जीप घेऊन आली तोवर सगळं संपलं होतं.

"मले तो निंब डोळ्यासमोर नको झाला. पण त्याच्या जागी पेरायला कोणाचा हात होत नाही. आन् बाया बी तिथंच बसतात, सवयच हाये."

यंत्रात जुना नकाशा राहिला असेल, असं काहीतरी मी पुटपुटले. यंत्र तर नवं कोरं होतं.

त्यानंतर दोनेक दिवसांनी गजानन सकाळपासून फवारत होता. तोंडाला रुमाल तेवढा बांधलेला. मी गाडीत मुलीला मेल लिहीत होते. बाहेर पंप आपटल्याचा आवाज आला, पाठोपाठ मंदाची किंकाळी. धावले तर गजानन ओळींत आडवा. तोंडातून फेस, अंग घामानं निथळलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. आम्ही दोघींनी त्याला ओढत गाडीशी आणलं. माझी गाडी चिखलात, त्याची मोटारसायकल आम्हा दोघींनाही चालवता येत नाही, आणि शेतात त्या दिवशी दुसरं कुणीच नव्हतं.

एकटी फिरणारी बाई जिथं जाते तिथं पहिले दवाखाना आणि रुग्णवाहिका यांचे नंबर घेऊन ठेवते. सोनाळ्यातल्या एका खाजगी अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा नंबर माझ्याजवळ होता. नेट अजून तुटत होतंच, तरी लावला. नशिबानं लागला.

"हॅलो, सोनाळ्याच्या पुढं शेतात फवारणी करताना माणूस पडलाय, लवकर..."

"कुठं? कोणाचं शेत?"

आणि तुटलं. नकाशा पूर्ण लाल. पुन्हा लावला, नाही. थाळी उचलून कपाशीत धावले, नाही. मी त्या यंत्राला काय काय शिव्या दिल्या ते इथं लिहीत नाही. रोडवरून तीन-चार पांदण रस्ते फुटतात, सगळे सारखे, सगळीकडं कपाशी. पत्ता न सांगता कोण येणार होतं? गजाननचा श्वास घरघरत होता. मी मोठ्यानं रडायला लागले हो, चक्क रडायला लागले.

मंदाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. तिनं जेवणाच्या फडक्यातून ताकाचा डबा काढला, पेला भरला, दिराचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला त्याच्या तोंडाशी नेला.

तेवढ्यात हॉर्न वाजला. पांदणीवरून पांढरी गाडी धडधडत आली आणि थांबायच्या आधीच ड्रायव्हर खिडकीतून ओरडला -

"ताक पाजू नका! बाई, ताक पाजू नका!"

मंदाच्या हातून पेला गळून पडला.

पुढचं सगळं धावपळीचं. ड्रायव्हरनं गजाननचे औषधानं भिजलेले कपडे काढायला लावले, अंगावर माझ्या टाकीचं पाणी ओतलं, कुशीवर झोपवून स्ट्रेचरवर घेतलं. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणि बेशुद्धीत काही पाजलं नाहीत ते बरं केलंत. फुप्फुसात जातं. सकाळी गजाननानं डोळे उघडले आणि कपाशीचं विचारलं.

तोच ड्रायव्हर आम्हा दोघींना शेतावर सोडायला आला. देऊळगाव राजाचा होता तो, इकडं नवीनच लागलेला, गावात अजून कुणाला ओळखतही नव्हता. पांदणीवर गाडी थांबवून खाली उतरला आणि इकडंतिकडं बघत राहिला.

"मॅडम, ते झाड कुठंय?"

"कुठलं झाड?"

"मोठं कडुलिंबाचं होतं की इथं. रोडवरून मी त्याच्यावरच तर गाडी वळवली. फोनवर सांगितलं होतं ना मला."

"कुणी सांगितलं? माझा फोन तर तुटला."

"तुटला नाही, तुम्ही दुसऱ्या कोणाकडं दिला. एक माणूस बोलला. म्हणला, रोडवरून मोठा निंब दिसीन, त्याच्या खाली हाये माझा भाऊ. आणि म्हणला, या खेपेले ताक नका पाजू म्हणा तिले."

मंदा दोन पावलं त्याच्याकडं गेली.

"आवाज कसा होता?" तिनं विचारलं.

"शांत होता हो," ड्रायव्हर म्हणाला. "रागात नव्हता."

तो गेल्यावर ती खूप रडली. त्या वर्षी तिला वाटलं होतं की देवीदासला ऊन लागलंय. सावलीत बसला, ताक पोटात गेलं की हुशार होईल, असंच सगळे करतात. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन पेलाभर ताक पाजलं, तो ठसकला, तरी पाजलं. मग ती जीपसाठी पळाली. "हे म्या कोणालेच नाही सांगितलं ताई. डॉक्टरले नाही, सासूले नाही, गजाभाऊले नाही. रोज जेवताना तो पेला दिसते मले."

मग कुणालाच माहीत नसलेली गोष्ट त्या परक्या ड्रायव्हरला कुणी सांगितली? मी भाच्याशी तासभर डोकं फोडलं. माझ्याकडून तुटलेला फोन त्याच्याकडं कसा चालू राहिला, मोकळ्या आकाशात झाड कसं उमटलं, त्याला काही सांगता येत नाही. मलाही नाही. ट्रॅक्टरनं गाडी निघायच्या आदल्या दिवशी बघितलं, तर नकाशा स्वच्छ निळा होता. इतका स्वच्छ की मलाच कसंतरी झालं. आमचे हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडून माझ्या वाटेत कधी असं काही आडवं आलं नाही, एवढंच त्या वेळी मनात आलं.

निघायच्या सकाळी मंदा आली. जवळ कुणी नाही बघून म्हणाली, "ताई, एकदा तसाच फोन लावून देता का? त्याच नंबरवर, त्याच जागेवरून."

मी समजावणार होते. पुरावा मॅडम ना मी! पण लावून दिला. ड्रायव्हरनं उचलला, "हॅलो, कोण? बोला," म्हणाला. दोन-तीनदा हॅलो-हॅलो करून त्यानं ठेवून दिला. फोन बंद झाल्याचं मला स्क्रीनवर दिसलं, तिला दिसलं नाही. तिनं तो कानाला गच्च धरला होता.

"मी हाये," ती म्हणाली. "गजाभाऊ बरे हायेत आता. परवा घरी आणून राह्यलो त्याइले... तवा मले माहीत नव्हतं हो. खरंच माहीत नव्हतं."

फोन बंद झालाय, असं मी तिला सांगितलं नाही. गाडीत जाऊन बसले आणि तिचं बोलणं होईपर्यंत इंजिन सुरू केलं नाही.