शेंगदाण्यांची फौज

सासरे पायदळातून हवालदार होऊन निवृत्त झालेले, आणि मी गोडादऱ्याच्या कापड कारखान्यात लूम चालवणारा. लढाया मी पुस्तकातून पाठ केलेल्या, त्यांनी अंगावर घेतलेल्या. आमचं कधी पटायचं नाही आणि वाद घातल्याशिवाय दोघांनाही करमायचं नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नव्हतं. धुळ्याकडून येताना ते भाकरी बांधून आणायचे आणि बाहेर ओट्यावर बसून खायचे. बापानं एकदा तरी माझ्या हातचं खावं, एवढंच बायकोचं म्हणणं. मला तर त्या रीतीची भयंकर चीड यायची, पण बोलणार कोण?

एका सुट्टीच्या दिवशी सासरे आले होते आणि बायको चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे पाखडत बसली होती. मी आपला शहाणपणा पाजळला, की जुन्या लढायांत पायदळ खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, जेवढी दाटी तेवढी ताकद.

"जावईबापू, हातात बंदुकीचा पेटता तोडा, जळती वातच ती, आणि कमरेला दारू," सासरे म्हणाले. "शेजाऱ्याला खेटून उभे राहाल?"

मी हट्टाला पेटलो. दाणे घेऊन फरशीवर आठ रांगा मांडल्या, एकामागे एक, अगदी चिकटून. त्यांनी समोर दोनच रांगा मांडल्या, बोट बोट अंतर सोडून.

"हा आला तोफेचा गोळा." त्यांनी समोरून सरळ बोट ओढलं. माझे आठ गडी गेले. त्यांच्या फौजेतून तेच बोट ओढलं, तर दोनच पडले. मग मेलेले सगळे गोळा करून त्यांनी बोलता बोलता तोंडात टाकले.

बायकोचं सूप जागीच थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मी हरायला एका पायावर तयार झालो.

"एवढ्यानं काय होतंय," मी म्हणालो आणि आणखी दाट फौज उभी केली. तीही त्यांनी चावून खाल्ली. तिसऱ्या गोळ्याला मात्र त्यांचा हात थांबला. ते तळहातावरच्या दाण्यांकडे बघत राहिले. आता हे उठून जाणार, असं मला वाटलं.

त्यांनी ते दाणे सावकाश खाल्ले.

"आते वाढ, माय," ते लेकीला म्हणाले. "भूक लागनी."

ती रडत रडत भाकऱ्या थापायला बसली. मला इतका आनंद झाला, की मी वाद तिथेच सोडून दिला.

मूल आम्हाला पुढेही झालं नाही. सासरे मात्र दर खेपेला आमच्याकडेच जेवले.