पंख वहिनींचे

श्रीधरभाऊजी गेल्याचं मला सकाळी सातच्या सुमाराला कळलं. मी चहाचं आधण ठेवत होते आणि माधव, माझा मुलगा, फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात आला. म्हणाला, "आई, रामनगरहून फोन होता. काका आज उठलेच नाहीत." मी गॅस बंद केला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं... "मग आज इंजिन कोण फिरवणार?" रविवार होता ना. सात आठवडे झाले. ते वाक्य आठवलं की अजून स्वतःची लाज वाटते, पण भाऊजींना ते आवडलं असतं हेही मला ठाऊक आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचं घर काशीतलं, दुर्गाघाटावरचं. सासरे घनपाठी वैदिक, थोरला मुलगा म्हणजे आमचे हे, संस्कृतचे मास्तर. धाकट्यांनी वेदाचा क्रमपाठ होईपर्यंत घरात दम काढला आणि मग सरळ रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून गेले. सासऱ्यांनी वर्षभर अबोला धरला. भाऊजी तेवढ्यावर थांबले नाहीत. फ्लाइंग क्लबात जाऊन विमान चालवायला शिकले आणि पुढे तो क्लब बंद पडला तेव्हा लिलावातून एक विमानच उचलून आणलं. दोन सीटांचं, लाकडाच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेलं, वयाने माझ्याहून थोडं मोठंच. रामनगरच्या पलीकडे शेतांमध्ये एक जुनी धावपट्टी होती, तिच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ते ठेवलं. मी त्यांना तोंडावर म्हटलं, "लग्न टाळायला बरं निमित्त शोधलंत." त्यावर म्हणाले, "वहिनी, मुलगी बघायला गेलो तर तुम्ही तिच्यात पन्नास खोड्या काढाल. हिच्यात काढा ना, मला उपयोग होईल."

खोडी शोधायची गरजच नव्हती. पंखांचं कापड फाटून लोंबत होतं आणि ते नव्याने शिवणारा माणूस काशीत सापडेना. मी गोधड्या शिवायची, देवांची वस्त्रं शिवायची, आणि माझा टाका बारीक असतो एवढी माझी कीर्ती. भाऊजींनी एका सकाळी दोन्ही पंख नावेत घातले आणि रामनगरहून दुर्गाघाटाला आणले. आमच्या गल्लीत समोरून बैल आला तर माणसाला पायरीवर चढावं लागतं, तिथे पंख कुठून जाणार? तेव्हा घाटाच्या बाजूने दोर लावून ते थेट गच्चीवर ओढून घ्यायचे ठरले. सगळा घाट जमला. नाववाल्याने विचारलं, "ई का हौ पंडितजी?" भाऊजी म्हणाले, "पंख हौ." "केकर?" कुणाचे, म्हणून त्याने विचारलं. भाऊजींनी वर गच्चीकडे बोट दाखवलं, "भउजी क." वहिनींचे. मी कठड्यापाशी उभी होते, पदर तोंडावर घेऊन हसले.

ते शिवणकाम मी आयुष्यात विसरणार नाही. पंख उभा करून ठेवायचा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाऊजी. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा. मी सुई आरपार घालायची, पलीकडून ते ओढून घ्यायचे, लाकडाच्या पट्टीला वळसा घालून परत पाठवायचे, मी गाठ मारायची. मधल्या कापडामुळे माणूस दिसायचा नाही, नुसती सुई यायची. "आली का?" "आली. जरा आराम से, वहिनी, बोटात घुसेल." एवढंच बोलणं, सबंध हिवाळा. मला सासरी येऊन बारा वर्षं झाली होती आणि माझ्या हातचं काम कुणी इतक्या आदराने घेतलं नव्हतं. टाके झाले की वर डोप लावायचा. डोप म्हणजे आंबूस वासाचं एक लुकण, त्याने कापड आक्रसून ढोलासारखं ताठ होतं. वासाने डोकं दुखायचं, पण बोटाने टिचकी मारली की जो आवाज यायचा त्याने मला भारी बरं वाटायचं.

गच्चीवर खरा त्रास माकडांचा. वाळत घातलेले पापड सोडत नाहीत ती पंख कशाला सोडतील? म्हणून दुपारचा पहारा माझ्याकडे होता, हातात काठी घेऊन. शेवटचा हात द्यायच्या दिवशी भाऊजी पहाटेच पंखांपाशी काहीतरी काम करून ड्यूटीवर गेले. दुपारी मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा कठड्यावर तीन माकडं बसलेली. मी ओरडून हाकलली आणि धावत पंखांपाशी गेले. मागच्या कडेला, खालच्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं पडलेली. मोजली, एकेका पंखाला अकरा. दोन्ही पंखांना माकडं इतकी सारखी, ओळीने भोकं कशी पाडतील हा विचार मनात यायला हवा होता... आला नाही. पहाऱ्यावर झोपले हे कळू नये, एवढंच डोक्यात होतं. उरलेल्या कापडाच्या टिकल्या कापल्या, एकेक भोक बुजवलं, वरून डोप फिरवला आणि रुपेरी रंगाचा हात दिला. कुठे जोड आहे हे मलाही ओळखू येईना. संध्याकाळी भाऊजी आले, पंखावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातचं तपासायचं नसतं." मी चहा ठेवायला खाली गेले.

विमान उडालं. भाऊजींनी आधीच सांगून ठेवलं होतं की पहिली फेरी माझी, कारण पंख माझे. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." माधव लहान होता, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, हे सगळं खरं; पण मुळात मला भीती वाटत होती. तरी उडण्याआधीची तपासणी बघायला मी अनेकदा शेडमध्ये गेले. इतर लोक म्हणे यादी वाचून तपासतात. भाऊजी क्रमपाठाच्या चालीवर तपासायचे. क्रमात पहिलं पद दुसऱ्याबरोबर म्हणतात, दुसरं तिसऱ्याबरोबर, म्हणजे साखळीतली एकही कडी गळत नाही. तसं हे प्रत्येक गोष्टीला हात लावत खड्या आवाजात म्हणायचे, "तेल-पेट्रोल, पेट्रोल-प्रॉपेलर, प्रॉपेलर-चाकं, चाकं-पंख..." मधे कुणी बोललं तर पुन्हा तेलापासून. फक्त पंखांपाशी आले की टिचकी मारायचे, "पंख वहिनींचे," आणि सरळ शेपटाकडे जायचे. मला त्याचा अभिमान वाटे. पुढचं वर्षही मी "पुढच्या वर्षी" म्हणून घालवलं.

तिसऱ्या हिवाळ्यात तपासणीचे इंजिनिअर आले आणि त्यांनी विमान उडवायला मनाई केली. पंखाच्या आत जी लांब लाकडी तुळई असते ती भुसभुशीत झाली होती, सुई टोचली तर आत जात होती. आमच्या यांनी विचारलं, "इतक्यात कशी रे?" भाऊजी पानावरून मान वर न करता म्हणाले, "लाकूड म्हातारं झालं दादा. वहिनी, वरण वाढा." तसलं लाकूड इथे मिळेना. त्यांनी कुठे कुठे पत्रं लिहिली, वर्षं गेली, मग डोळ्यांमुळे त्यांचं लायसन्सही संपलं. पंख उतरवून आढ्याला टांगले. पण पुढची बावीस वर्षं दर रविवारी ते शेडमध्ये जायचे, प्रॉपेलर हाताने फिरवायचे, म्हणजे तेल सगळीकडे जातं, आणि बिनपंखांचं ते विमान पुसून ठेवायचे. एकदा मी चिडून विचारलं, "जे उडणार नाही ते कशाला पुसता?" म्हणाले, "अंथरुणावरच्या माणसाला अंघोळ घालत नाही का आपण?" घरी सासूबाईंचं मीच सगळं केलेलं.

शेवटची भेट त्या शेडमध्येच झाली, ते जायच्या महिनाभर आधी. मी म्हटलं, "भाऊजी, आता माझी भीती गेली. फिरवा मला." त्यांनी हात देऊन मला पुढच्या सीटवर बसवलं आणि बाहेरून सगळा क्रम म्हटला, तेलापासून. चाकांनंतर रिकाम्या जागेपाशी थांबले, "पंख वहिनींचे" म्हणाले आणि पुढे गेले. मग खिडकीशी येऊन हसले. "पुढच्या वर्षी."

तेरावा झाल्यावर शेड रिकामी करायची होती. माधवने माणसं लावून पंख खाली उतरवले. माझे टाके मी लगेच ओळखले, बोट फिरवत मागच्या कडेपर्यंत गेले. माझ्या टिकल्या तिथेच होत्या. प्रत्येक टिकलीवर ब्लेडने फुली मारून भोक पुन्हा उघडलेलं. अकरा आणि अकरा. "ही कशाची रे?" मी विचारलं. माधव म्हणाला, "आत साचलेलं पाणी जायला असतात ती, आई." मला ती भुसभुशीत तुळई आठवली, मी तिथेच ट्रंकेवर बसले. "ती मी बुजवली होती," म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माधव म्हणाला, "माहीत आहे मला. काकांनी सांगितलं होतं. म्हणाले, तपासायचं काम माझं होतं, तुझ्या आईला कळता कामा नये."

मला भाऊजींचा राग आला, खोटं कशाला बोलू. मी एक दुपार लपवली, त्यांनी माझ्यासाठी अख्खं आयुष्य लपवलं, आणि माफी मागायची सोयही ठेवली नाही. त्याच रागात नावेने घरी निघाले. बालाजी घाट मागे पडला आणि आमची गच्ची दिसायला लागली, तेव्हा मात्र रडू आवरलं नाही.

शेडमधून मी फक्त ती लांब सुई आणली आहे. परवा माधवच्या मुलीसाठी गोधडी शिवायची होती. का कोण जाणे, मी गोधडी गच्चीत दोरीवर उभी टांगली आणि ती सुई आरपार घातली. सवयीने विचारलंही, "आली का?" मग उठले, पलीकडे गेले, सुई ओढून घेतली, वळसा घालून पुन्हा टोचली, आणि गाठ मारायला अलीकडे आले.