जेवणाची प्रक्रिया सुरू आहे

माझं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर चौथीच्या वर्गातच राहून गेलं. वाचणाऱ्याने माफ करावं. वाचणारी बहुतेक मीच आहे, तरी माफी मागितलेली बरी.

मी फार बोलत नाही. पण गोवऱ्या पेटवून केलेल्या जगऱ्यात भाजलेले कणकेचे जाड रोडगे आणि वांग्याची भाजी माझी चांगली होते. म्हणून निवडणुकीच्या पहिल्या सभेचा स्वयंपाक आमच्या गावच्या उमेदवाराने मला सांगितला. त्यांना सगळे दादा म्हणतात. "ताई, सामान तुमीच आणा, उद्या हिशेब करू," म्हणाले. मी बाभुळगावहून कणीक, तेल, वांगी आणली. ते पैसे न्हाणीच्या दारासाठी ठेवलेले होते. आमच्या न्हाणीला साडी बांधली आहे. वारा सुटला की मी एका हाताने साडी धरते आणि दुसऱ्याने आंघोळ करते.

उद्या येऊन गेला. मी दादांना फोनवर लिहून विचारलं. उत्तर आलं, "प्रक्रिया सुरू आहे." आठवड्याने पुन्हा विचारलं. "सकारात्मक विचार चालू आहे." तिसऱ्यांदा विचारलं तर, "योग्य वेळी." मला वाटलं, एवढ्या शुद्ध भाषेत लिहिलं म्हणजे पैसे निघाले असतील.

जाऊबाई फोन बघून हसायला लागली. "बावळट हायेस तू. प्रक्रिया सुरू म्हंजे खिशात हात घातला नाही. सकारात्मक म्हंजे खिसा कोणता, थेच आठवून राह्यला. अन् योग्य वेळी म्हंजे निवडून आल्यावर. पडला त कधीच नाही."

"तुले कसं समजते हे?"

"माहा नवरा असाच बोलते, फक्त सोप्या मराठीत."

मग शेवटची सभा आली. मला न विचारता दादांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं, "उद्या दुपारी ताईंच्या हातचे रोडगे. मोठ्या संख्येने उपस्थित राहावे." या वेळी सामान त्यांनीच घरी पोचवलं, पण मागचे पैसे नाहीत. मला कोणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, घसा कोरडा पडतो.

पण फोनला घसा लागत नाही.

रोडगे दुपारी हवे असतील तर जगरा सकाळीच पेटवावा लागतो, आणि त्याचा धूर साऱ्या गावाला दिसतो. त्या सकाळी मी पेटवला नाही. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "ताई, धूर काहून दिसून नाही राह्यला?"

एकेक अक्षर शोधून मी लिहिलं, "जेवणाची प्रक्रिया सुरू आहे. आपल्या भुकेबाबत सकारात्मक विचार चालू आहे. जेवण योग्य वेळी मिळेल."

आधी जाऊबाईचं हसरं तोंड आलं. मग ग्रुपभर हसरी तोंडं आली. नंतर एकाने लिहिलं, "दादा, आमी घरूनच जेवून येतो."

थोड्या वेळात दादांची मोटारसायकल दारात.

"ताई, हे काय लावलं? सरळ सांगा ना!"

मी दाराआड उभी. जाऊबाई म्हणाली, "मांगचे पैसे, दादा. जगरा पेटायले वेळ लागते, बरं."

दादांनी अर्धे पैसे काढले. "उरलेले लवकरच..."

मी दाराआडून पुढे आले. हातातली माचिस कमरेला खोचली.

दादांनी दुसऱ्या खिशात हात घातला. पैसे पुरे आले.